पहिलं काय हवं?

सर कुणालाच अरे-तुरे करत नसत. शाळकरी पोरगी दुकानात आली तरी तिला "बसा" म्हणत. पहिल्या दिवशी मला म्हणाले, "या बाई, आत या." मी मागं वळून बघितलं. मला वाटलं, माझ्यामागून दुसरी कुणी बाई जिना चढून आली असणार. मला तोवर कुणी अहो-जाहो केलं नव्हतं. नवऱ्यानं नाही, आणि ज्या घरांत मी भांडी घासली तिथंही नाही.

त्यांचं दुकान सांगलीत विश्रामबागेकडं होतं, एका औषधाच्या दुकानाच्या वर. दोन खोल्या. बाहेरची गिऱ्हाइकांची, आतली सरांची. बोर्डावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'हार्ड डिस्कमधली माहिती परत मिळेल'. त्याच्या खाली बारीक अक्षरांत, 'मिळाली तर'. बोर्ड रंगवणारा म्हणाला होता, "सर, असं लिवलं तर कोण यील?" सर म्हणाले, "खरं आहे ते लिहा." तरी लोक येत.

मला आधी हार्ड डिस्क म्हणजे काय ते माहीत नव्हतं. सरांनी एक मेलेली डिस्क उघडून दाखवली. तळहातात मावेल अशी लोखंडी डबी. आत आरशासारखी गोल तबकडी. मी तिच्यात माझं तोंड बघितलं. सर म्हणाले, "लोकांचे फोटो, कागद, व्हिडिओ, सगळं या तबकडीवर असतं. ही गरागरा फिरते आणि ही बारीक दांडी तिच्यावरून वाचत जाते. दोघींच्या मध्ये केसाएवढंही अंतर नसतं. आता सांगा, धुळीचा कण मध्ये आला तर?"

मी म्हणाले, "अडखळंल."

"अडखळेल आणि ओरखडा काढेल. म्हणून तुम्हाला ठेवलंय. या दुकानात माझ्याएवढंच तुमचंही काम महत्त्वाचं आहे."

हे ते उगाच म्हणत नव्हते. केरसुणी दुकानात आणायची नाही, असा नियम होता. फरशी, टेबल, खिडकीच्या कडा, सगळं ओल्या फडक्यानं, सावकाश. आधीच्या बाईला त्यांनी काढलं होतं, कारण ती फडकं झटकायची. मी पुसून झालं की ते टेबलावरून करंगळी फिरवायचे आणि खिडकीच्या उजेडात धरायचे. बोट स्वच्छ निघालं तर काही बोलत नसत. त्यांचं काही न बोलणं म्हणजे शाबासकी, हे मला महिन्याभरानं कळलं.

चपला जिन्यातच काढायच्या. अंगाला पावडर लावून यायचं नाही. खाणंपिणं जिन्यात. सर स्वतः दुपारी चपातीची गुंडाळी करून तिसऱ्या पायरीवर बसून खायचे. खालचा औषधवाला म्हणायचा, "सर, स्वतःच्या दुकानात बसून जेवाय बंदी असलेले तुमी एकटेच."

आणि उदबत्ती नाही. दसऱ्याला एक गिऱ्हाईक हौसेनं हळद-कुंकू, उदबत्ती, नारळ घेऊन आलं. मशिनींची पूजा करू म्हणालं. सर दारात आडवे उभे राहिले. "फूल चालेल. धूर चालणार नाही. हळद तर अजिबात नाही."

"आवं सर, देवाला धूर न्हाई?"

"देवाला चालतो हो. डिस्कला चालत नाही."

त्या माणसानं जिन्यातच नारळ फोडला आणि सगळ्यांना खोबरं वाटलं. सरांनी आपला तुकडा तिसऱ्या पायरीवर बसून खाल्ला.

सर मूळचे साताऱ्याचे. लग्न केलेलं नव्हतं. साधा बटणांचा फोन होता आणि तोही टेबलाच्या खणात असायचा. एकदा मी विचारलं, "सर, तुमी तुमचं फोटो कुठं ठेवता?" त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "माझ्याकडे फोटोच नाहीत बाई." एवढं बोलून ते परत कामाला लागले. दिवसभर मला उगाच वाईट वाटत राहिलं.

डिस्कबद्दल ते बाईमाणसाबद्दल बोलावं तसं बोलायचे. काही डिस्का चालू केल्या की थोडा वेळ नीट फिरायच्या आणि मग आतून टक टक आवाज यायचा. तो आवाज आला की सर लगेच बंद करायचे. "दमलीय. आज नको." मग ती डिस्क खिडकीखालच्या कडाप्प्यावर ठेवायची. तो दगड गार असायचा. तिथं ती तासभर, दोन तास पडून राहायची. कॉलेजातला एखादा मुलगा समोर बसून घाई करायचा, "सर, उद्या सबमिशन आहे." सर म्हणायचे, "तुमचं आहे. तिचं नाही."

'दमलीय' हा शब्द घरी माझ्याही तोंडी बसला होता. एकदा सासू म्हणाली, "अगं, अजून भाकरी न्हाई टाकली?" मी म्हणाले, "आत्या, दमलीय मी. आज जरा वेळानं." ती माझ्याकडं बघतच राहिली. तिनं तो शब्द माझ्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

सरांची कामाची पद्धत वेगळीच होती. डिस्क आणली की लोक सांगायला लागायचे, अमुक जीबीची आहे, तमुक कंपनीची आहे. सर हात वर करायचे. "ते मला दिसतंय. आत काय आहे ते सांगा. आणि सगळं सांगू नका. तीन गोष्टी सांगा. पहिलं काय हवं, दुसरं काय हवं, तिसरं काय हवं."

लोक गडबडायचे. "सगळंच पायजे की ओ."

"ही शेवटच्या घटका मोजतेय. तासभर चालेल, नाहीतर दहा मिनिटं. तेवढ्यात जे निघेल ते निघेल. आधी काय काढू, ते तुम्ही ठरवायचं. मी नाही."

मग दुसरा प्रश्न. "हे दुसरीकडे कुठं मिळेल का?" मिळत असेल तर ते यादीतून खाली जायचं. मोठमोठी माणसं या प्रश्नापाशी अडायची. एक नवं जोडपं आलं होतं. लग्नाचे सगळे फोटो गेले म्हणून पोरगी रडत होती. सरांनी विचारलं, "पाहुण्यांकडे असतील ना थोडे? फोनमध्ये?" नवरा म्हणाला, "असत्याल." सर म्हणाले, "मग ते गोळा करा. आणि लग्न तर जागेवर आहे ना?" ती पोरगी रडता रडता हसली.

या तीन गोष्टी चिठ्ठीवर लिहून ठेवायचं काम सरांनी माझ्याकडं दिलं. मी म्हणाले, "सर, मी चौथीपर्यंतच शिकलेय." ते म्हणाले, "चौथीतलं अक्षर सगळ्यात चांगलं असतं. माझं मलाच लागत नाही." काम सुरू करायच्या वेळी ते स्क्रीनवरची नजर काढत नसत. मी मागं उभी राहून मोठ्यानं वाचायचं, "पहिलं..." आणि ते त्या क्रमानं काढायचे. चार माणसांत माझा आवाज कधी फुटत नाही. तिथं मात्र फुटायचा. सर माझ्याकडं बघत नसायचे म्हणून असेल.

महापूर आला त्या वर्षी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. सांगली, पलूस, भिलवडीकडनं लोक बुडालेले कॉम्प्युटर घेऊन आले. कुणी डिस्क पत्र्यावर उन्हात ठेवली होती, कुणी तांदळाच्या डब्यात पुरली होती, एका बाईनं चुलीच्या वैलावर शेकली होती. सर कपाळाला हात लावायचे. पाणी तसंच आटलं की आतल्या तबकडीवर गाळ चिकटतो, तो मग निघत नाही. त्यांनी माझ्याकडनं पुठ्ठ्यावर लिहून घेतलं, 'भिजली असेल तर भिजलेलीच आणा. वाळवू नका.' आणि ते जिन्याच्या तोंडाला लावलं.

दोन दिवसांनी पलूसचे एक आजोबा आले. हातात झाकणाची बादली. एसटीत मांडीवर धरून आणली होती. झाकण काढलं तर आत नदीचं गढूळ पाणी आणि त्यात डिस्क. म्हणाले, "नातवानं फोनवर सांगितलं, भिजल्याली आणा म्हनत्यात. म्हनलं मधीच वाळली तर?"

बाहेरच्या खोलीतली माणसं हसायला लागली. सर हसले नाहीत. त्यांनी बादली स्वतःच्या हातांनी आत नेली. आजोबांना खुर्ची दिली आणि मला खालून चहा आणायला सांगितला. म्हणाले, "एवढ्या लोकांत माझं ऐकणारा हा एकटा माणूस." आजोबा चहा प्यायला खुर्चीवरून उठून जिन्यात गेले, तेही न सांगता. सरांना ते फार आवडलं.

आता ते दुकान नाही. सरांचे हात थरथरायला लागले. बारीक स्क्रू धरता येईना, तेव्हा त्यांनी आपण होऊन बंद केलं आणि साताऱ्याला बहिणीकडं राहायला गेले. दुकानाच्या त्या खोल्यांत आता सोसायटीवाले डास मारायच्या औषधाची भुकटी ठेवतात. मी दोन बंगल्यांत काम करते. तिथं केरसुणीही चालते आणि धूपही चालतो. बंगल्यातल्या वहिनी म्हणतात, आता सगळं वर असतं, काही हरवत नाही. वर म्हणजे कुठं, ते मी विचारलं नाही. सर इथं असते तर त्यांना विचारलं असतं.

पण सर म्हटलं की मला तासगावकडची ती डिस्क आठवते.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला अवकाळी पाऊस झाला होता. तिकडं द्राक्षं वाळवून बेदाणा करायची शेडं असतात. जाळ्यांचे मजले एकावर एक, त्यावर द्राक्षं पसरलेली. एका बागायतदाराच्या शेडातल्या ऑफिसात पाणी गळलं आणि कॉम्प्युटर भिजला. मोबाइल दुरुस्तीवाल्यानं त्यातली डिस्क काढून हातात दिली. यांनी काय करावं? ती नेली आणि बेदाण्याच्या जाळीवर ठेवली. जिथं बेदाणा वाळतो तिथं ही पण वाळेल. इथपर्यंतही ठीक होतं. पण बेदाण्याला पिवळा रंग यावा म्हणून ताडपत्री लावून गंधकाची धुरी देतात. मजुरांनी रात्रीची धुरी दिली. डिस्क जाळीवरच.

ते म्हातारे बागायतदार आले, सोबत त्यांची सून होती. मुलगा फौजेत, जम्मूकडं. सरांनी डिस्क हातात घेतली आणि नाकाजवळ नेली. मग त्यांच्याकडं बघितलं.

"हिला धुरी दिलीत?"

"मुद्दाम न्हाई ओ. जाळीवर ऱ्हायली."

"बेदाणा पिवळा होतो. ही काळी झाली." सरांनी खालची हिरवी पट्टी सोडवून दाखवली. तिच्यावरचे सोनेरी ठिपके काळे पडले होते. "पावसानं एवढं केलं नसतं."

"व्हईल का न्हाई ते सांगा."

"पहिलं काय हवं?"

म्हाताऱ्यानं भराभर सांगितलं आणि मी लिहून घेतलं. पहिलं, बागेच्या फवारणीच्या नोंदी. माल परदेशी पाठवायचा तर त्या मागतात. दुसरं, जमिनीच्या मोजणीचे नकाशे. तिसरं, थोरल्या मुलीचं लग्न. सून भिंतीला टेकून उभी होती. सरांनी तिलाही विचारलं, "तुम्हाला काही हवंय?" तिनं सासऱ्याकडं बघितलं आणि मान हलवली. नको.

म्हाताऱ्याला फोन आला. तो बोलत बोलत खाली गेला. सर आतल्या खोलीत. मी फडकं पिळत होते, तेव्हा ती माझ्याजवळ आली.

"मावशी, एक सांगू का?"

"सांग की."

"त्यात माझा खो-खोचा व्हिडिओ हाय. 'शाळा' नावाच्या फोल्डरात. जिल्ह्याची फायनल हुती. मी पाच मिनिटं ईस सेकंद नाबाद पळाले. आमच्या पीटीच्या सरांनी पेनड्राइव्हमध्ये घालून दिलेला. लग्नात माहेरनं मी तेवढंच माज्या मर्जीनं आणलं. पेनड्राइव्ह मोडायच्या आधी तो शेडातल्या कॉम्प्युटरात घातला, पण तिथं बसून कुणाला दाखवायचं कधी जमलं न्हाई. ते सर बी आता न्हाईत."

"मग सासऱ्याला सांग की."

"आण्णा हसत्याल." ती पदर बोटाला गुंडाळत होती. "माझी लेक सहा वर्षांची हाय. तिला सांगते, मी लय पळायची. तिला खोटं वाटतं. यांना बी वाटतं, थापा मारते. मावशी, आता मलाच खरं वाटंना."

जिन्यात म्हाताऱ्याची चाहूल लागली तशी ती भिंतीपाशी गेली. कुणाच्या मधे पडून बोलायचं, ते मला जन्मात जमलेलं नाही. चिठ्ठी माझ्या हातात होती. तिच्यावर खाडाखोडही करता आली नाही.

दोन दिवस सर त्या डिस्कवर बसले. काळे ठिपके त्यांनी साध्या शाळेच्या खोडरबरानं घासले, एकेक, दम न घेता, मग स्पिरिटनं पुसले. तिसऱ्या दिवशी दुपारी डिस्क फिरायला लागली. बारीक कण्हल्यासारखा आवाज येत होता. सर पुढं वाकून ऐकत होते.

"फार वेळ देणार नाही ही. वाचा बाई."

मी चिठ्ठी उघडली. माझंच अक्षर. पहिलं, फवारणी.

"पहिलं," मी म्हणाले आणि थांबले. "पहिलं, 'शाळा' नावाच्या फोल्डरातला खो-खोचा व्हिडिओ."

सर मागं वळले. काम चालू असताना ते कधीच वळत नसत. चष्म्यावरून त्यांनी माझ्याकडं बघितलं. म्हाताऱ्यानं यादी सांगितली तेव्हा ते तिथंच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"दुसरीकडे मिळेल?" त्यांनी विचारलं.

"न्हाई सर. कुठंच न्हाई."

ते परत स्क्रीनकडं वळले. हिरवी रेघ हळूहळू पुढं सरकायला लागली. अर्ध्याच्या पुढं गेली आणि टक टक सुरू झालं. सरांनी डिस्क बंद करून कडाप्प्यावर ठेवली. तासभर वाट बघितली. परत लावली. व्हिडिओ पुरा निघाला. मग सरांनी फवारणीला हात घातला. एक फाइल अर्धी आली आणि डिस्कचा आवाज बदलला. नुसतीच फिरत राहिली, काही देईना. सर संध्याकाळपर्यंत बसले, दुसऱ्या दिवशीही बसले. मग त्यांनी वायर काढली.

"सर, मी..." मी म्हणाले.

"टेबल पुसायचं राहिलंय बाई," ते म्हणाले.

त्या म्हाताऱ्याचं नुकसान झालं, हे खरं आहे. ते मी केलं. त्याच्या बागेची कष्टानं ठेवलेली नोंद होती ती. हे मला अजूनही कधी कधी भांडी घासताना आठवतं आणि हात थांबतो.

ती दोघं आली तेव्हा सरांनी बसायला सांगितलं आणि आडवळण न घेता सांगून टाकलं. "फवारणीची अर्धी फाइल आली. नकाशे, लग्न, नाही. खो-खोचा व्हिडिओ पूर्ण आला."

"कसला?"

"खो-खोचा."

म्हातारा उठून उभा राहिला. "खो-खो? खो-खो काय भाकरीसंगं खायाचा हाय? आमी काय सांगितलं हुतं आन तुमी काय काढलं!" मग तो सुनेकडं वळला. "तू सांगितलंस व्हय गं?"

तिचा चेहरा पांढरा पडला. मी फडकं खाली ठेवलं. बोलायचं म्हणून तोंड उघडलं होतं, शपथेवर सांगते. पण सर आधी बोलले.

"त्यांनी काही सांगितलं नाही. मी यादी चुकीची लावली. चूक माझी."

एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून मी 'चूक माझी' ऐकलं नव्हतं. कारण तशी चूक त्यांनी केलीच नव्हती. फडकं झटकलं म्हणून बाई काढणारा माणूस तो.

"यादी लावाय येत न्हाई तर दुकान कशाला मांडलंय?" म्हातारा ओरडला. "सगळ्या तासगावात सांगतो. एक माणूस यायचा न्हाई हितं!"

"सांगा," सर म्हणाले. "तुमचा हक्क आहे."

आणि त्यानं सांगितलं. तिकडची गिऱ्हाइकं पुढं खरंच कमी झाली. पण ते नंतरचं. तेव्हा तो जिन्यात गेला, चपला पायात सरकवल्या आणि सुनेला म्हणाला, "गाडी फिरवून घेतो. पाच मिनिटांत खाली ये."

ती उठली नाही. सरांनी तिला आत बोलावलं. "नीट आलाय का तेवढं बघून घ्या." आपली खुर्ची त्यांनी तिला दिली. गिऱ्हाइकाच्या वस्तूंत सर कधी डोकावत नसत. व्हिडिओ लावून देऊन ते खिडकीकडं जाऊन उभे राहायचे. आज ते खुर्चीमागंच थांबले. मीही दारात थांबले.

शाळेचं मैदान. फक्कीच्या रेघा, दोन खांब, कडेनं माणसं. धूळ इतकी, की सरांनी घसा खाकरला. निळ्या कपड्यांतल्या मुली पळत होत्या.

"यातल्या तुम्ही कुठल्या?" सरांनी विचारलं.

"ती काळी. येणी वर बांधल्याली."

ती काडीसारखी मुलगी खांबाला हात टेकून अशी वळली, की मागची हात लांब करून तोंडावर पडली. परत दुसरी अंगावर आली. ती डावीकडं झुकली आणि उजवीकडनं निसटली. कडेचे लोक ओरडत होते, "पळ गं! सोडू नगंस!" खुर्चीतल्या बाईची बोटं टेबलाच्या कडेला घट्ट धरलेली होती. टेबलाखाली तिचे अनवाणी पाय फरशीवर वळत होते, खांब आला की डावीकडं, खांब सुटला की उजवीकडं. सर वाकून बघत होते, डिस्कचा आवाज ऐकताना वाकायचे तसे. एकदा मागचीचा हात तिच्या वेणीला लागणार, तर सर मोठ्यानं म्हणाले, "अहो, वळा!"

शिट्टी झाली. त्या मुलीला सगळ्यांनी उचललं. चित्र हललं, आभाळ दिसलं आणि व्हिडिओ संपला.

बसल्या जागी तिला धाप लागली होती. खांदे वरखाली होत होते, कपाळावर घाम होता.

खालून हॉर्न वाजला. एकदा, मग लांब दुसऱ्यांदा.

सर म्हणाले, "परत लावू?"

तिनं खिडकीकडं बघितलं नाही. पदरानं तोंड पुसलं आणि खुर्ची पुढं ओढली.

"लावा," ती म्हणाली.